सकाळी आठची खिडकी

मर्ना हॅलोरनच्या औषधाच्या दुकानाला दोन तोंडं होती. पुढचं काचेचं, जिथून गावातले लोक रक्तदाबाच्या गोळ्या आणि एकमेकांच्या बातम्या न्यायला येत. आणि दुसरं बाजूच्या बोळातलं, म्हणजे वीतभर कट्टा असलेली एक खिडकी. ती सकाळी आठला उघडे आणि साडेआठला बंद होई. टास्मानियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या त्या चिमुकल्या गावात खिडकीची वेळ सगळ्यांना ठाऊक होती, आणि त्या अर्ध्या तासात बोळाकडे बघायचं नाही एवढी रीतही सगळ्यांना ठाऊक होती. बघत मात्र सगळेच.

खिडकीवर अकरा माणसं येत. अफूच्या कुळातल्या कुठल्या ना कुठल्या औषधाशी अकराही जणांची कधीतरी गाठ पडली होती. कुणाची ऑपरेशननंतर, कुणाची मित्राच्या गाडीत. ती गाठ सुटेना म्हणून डॉक्टरांनी त्यांना मेथाडोनवर ठेवलं होतं. तेही त्याच कुळातलं, पण सावकाश चढणारं, सावकाश उतरणारं. दिवसातून एकदा घेतलं की चोवीस तास माणसाला माणसात ठेवणारं. मर्ना ते प्लास्टिकच्या पेल्यात मोजून देई. समोर प्यायचं, वर घोटभर पाणी, आणि मग काहीतरी बोलायचं. औषध गालात धरून बाहेर नेणारे असतात, आणि भरल्या तोंडाने बोलता येत नाही, म्हणून हा नियम. बोलल्याशिवाय सुटका नाही.

बहुतेक जण "थँक्यू" म्हणत. एक शाळामास्तर होता, तो वाऱ्याची दिशा सांगे. डेस ट्रिफिट थापा मारी.

डेस साठीला टेकलेला. पूर्वी लाकूडतोडीवर होता; झाडाने एकदा हिशेब चुकता केला आणि पाठीचे दोन मणके घेऊन गेलं. गेली अकरा वर्षं रोज नव्वद मिलिग्रॅम, आणि वर रोज एक थाप.

"काल झाडावरचा पॉसम आला स्वयंपाकघरात," पेला खाली ठेवून तो सांगे. "फ्रीज उघडला, चीज खाल्लं आणि दार नीट लावून गेला. मर्ना, सहा वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने ते दार एकदा लावलं नाही. मी त्या पॉसमला मागणी घालणार आहे."

"तो नाही म्हणेल. त्याने तुझे मोजे बघितलेत," मर्ना म्हणे, आणि वहीत सही घेई.

मर्नाला माणसं मोजायची खोड होती. कोण कुणाशी बोलत नाही हे तिला दुकानात येण्याच्या वेळांवरून कळे. कुणाचं लग्न मोडत आलंय हे केसांच्या रंगाच्या डब्यावरून कळे. डेससाठी तिची मोजपट्टी म्हणजे त्याची थाप. लांब असली की गडी ठीक. आखूड झाली की पाठ दुखतेय. एकदा तो नुसताच "थँक्यू" म्हणाला होता, तेव्हा त्याची आई गेली होती.

फेब्रुवारीत डेस भाला घेऊन फ्लाउंडर मासे मारायला उथळ पाण्यात उतरला आणि मासा समजून स्वतःचंच पाऊल मारलं. गाव आठवडाभर हसलं. मग जखम हाडापर्यंत सडली आणि गाव हसायचं थांबलं. नऊ दिवस तो शहरातल्या इस्पितळात होता. तिथे तीन-तीन अँटिबायोटिकं शिरेतून चढवली, आणि घरी पाठवताना आणखी सहा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. सोबत मर्नाला पत्र: मेथाडोनच्या सर्व मात्रा वेळेवर दिल्या आहेत, एकही चुकलेली नाही.

मर्नाला तेवढंच हवं होतं. तीन दिवस मात्रा चुकली की शरीर सवय विसरतं, मग आधीचीच मात्रा जीव घेते. म्हणून चुकलेले दिवस मोजायचे, हा या धंद्याचा पहिला धडा. डेसचा एकही दिवस चुकला नव्हता. ती अँटिबायोटिकं मेथाडोनशी भांडतात का हे तिने कॉम्प्युटरला विचारलं. कॉम्प्युटर म्हणाला, नाही. तिने नव्वद ओतले.

चौथ्या दिवशी डेसची थाप मधेच तुटली.

"मग तो पेलिकन मला म्हणाला..." असं म्हणून तो थांबला. कट्ट्यावर कोपर टेकून बोळाच्या टोकाकडे बघत राहिला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"काय म्हणाला पेलिकन?"

"कोण?"

दुकानातली जुनी सहकारी कोरल आतून ऐकत होती. खिडकी लागल्यावर ती म्हणाली, "वरून काहीतरी घेतोय तो. बंदरावरच्या त्या कार्ट्याकडून. लिहून ठेव माझं."

मर्नालाही तेच वाटलं. खिडकीवरच्या माणसाबद्दल पहिली शंका तीच येते, आणि बहुतेक वेळा ती खरी असते, म्हणून दुसरी शंका घ्यायची सवयच उरत नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला सरळ विचारलं.

डेस लालबुंद झाला. "अकरा वर्षं मी तुझ्यासमोर कोंबडीसारखा आ करतोय, मर्ना. अकरा वर्षं! आणि तू मला हे विचारतेस?"

"विचारणं माझं काम आहे."

"मग बाटलीत मुतून देणं माझं काम. आण बाटली."

बाटली डॉक्टर समरसिंघे यांच्या दवाखान्यात गेली. ठरलेल्या औषधाखेरीज लघवीत काहीही नव्हतं. मर्नाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. चोरी पकडली की बरं असतं, चोर कुठला ते कळतं.

डॉक्टर समरसिंघे मूळच्या कँडीच्या. पंधरा वर्षं याच किनाऱ्यावर होत्या आणि आता त्यांचं इंग्रजीही थंडीने आखडल्यासारखं झालं होतं. दुपारी त्या मर्नाच्या दुकानामागच्या खोलीत चहाला आल्या.

"मागे होबार्टला एक व्याख्यान ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "उंदरांवरचं. आपल्या आतड्यात जंतू असतात ना, कोट्यवधी, ते अँटिबायोटिक देऊन धुऊन काढले. मग त्या उंदरांना अफूच्या जातीचं औषध दिलं. मेंदूचे जे भाग जागे व्हायला हवे होते ते झाले नाहीत. भलतेच जागे झाले."

"आतड्यातले जंतू गेले म्हणून मेंदू बदलला?"

"मलाही तसाच प्रश्न पडला होता. काही प्रयोगांत तर औषधाची सवयच जडेना. म्हणजे पहिल्या दिवशीची मात्रा पंधराव्या दिवशीही तेवढीच जोरात लागायची. काहींत म्हणे उंदीर आणखी मागत सुटले. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही."

"आणि माणसांत?"

"माणसांचं अजून कुणाला धड माहीत नाही. माझ्या दवाखान्यात उंदीर येत नाहीत, मर्ना, डेस येतो."

मर्ना चहाचा कप फिरवत राहिली. तिच्या वहीत दिवस होते, मिलिलिटर होते, सह्या होत्या. अकरा वर्षं तिला वाटत होतं की नव्वदची सवय डेसच्या अंगात आहे. आता कुणी सांगत होतं की त्या सवयीतला काही वाटा भलत्याच भाडेकरूंच्या नावावर असू शकतो, आणि आपण त्या भाडेकरूंना तीन-तीन औषधांनी हुसकून लावलंय. वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

"मात्रा कमी करा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डेसला बोलावून साठवर यायला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "नव्वदवर मी उभा आहे, डॉक्टर. साठवर आणाल तर रविवारपर्यंत मी बंदरावरच्या कार्ट्याच्या दारात असेन. मला माझी खात्री नाही, तुम्हाला असेल तर सांगा." आणि ते खरंही होतं. त्या कार्ट्याच्या मालात काय असतं ते कुणालाच सांगता येत नसे. मागच्या हिवाळ्यात दोन प्रेतं त्यानेच पुरवली होती.

मग मधला मार्ग निघाला. नव्वदच राहू दे. पायाच्या गोळ्या महिनाभरात संपतील. तोवर मर्नाने रोज सकाळी नीट बघायचं. जरा जरी पेंगलेला दिसला तर मात्रा अडवायची.

"तुझी नजर आहे म्हणून मी हे करतेय," डॉक्टर म्हणाल्या. मर्ना सुखावली, हे कबूल करायला हवं.

त्यात मार्चचा लांब शनिवार-रविवार आला. सोमवारी आठ तासांच्या दिवसाची, म्हणजे तिकडच्या कामगार दिनाची सुट्टी. दुकान दोन दिवस बंद म्हणजे शनिवारची मात्रा खिडकीत आणि पुढच्या दोन बाटल्या घरी. शुक्रवारी डेस म्हणाला, "मी घरी नाही. टेगन येतेय."

टेगन ही त्याची मुलगी. सहा वर्षं तिने बापाशी शब्द टाकला नव्हता. त्याने तिच्या आजीच्या गोळ्या चोरल्या होत्या, तेव्हापासून. नाताळात तिने फोन केला. डेसने तिला सांगितलं की सगळं सुटलं. आता ती त्याला आर्थर नदीच्या मुखावरच्या आपल्या झोपडीत न्यायला येणार होती, मासेमारीला. तिथे फोनला रेंज नसते.

"सगळं सुटलं असं सांगितलंस?" मर्नाने विचारलं.

"सुटलंच आहे की. हे औषध आहे. तूच म्हणतेस."

"मग तिला सांग की औषध आहे."

"तिला वाटतं मी इथे रक्तदाबाच्या गोळ्यांना येतो," डेस म्हणाला. थापेची वेळ असूनही त्याने थाप मारली नाही. "मर्ना, एवढे दोन दिवस. मग मी स्वतः सांगतो तिला."

शनिवारी सकाळी तो दाढी करून आला. डोळे टवटवीत. पेला संपवून त्याने अशी थाप लावली की रांगेतला शाळामास्तरसुद्धा वाऱ्याची दिशा विसरला. नगरपालिकेचा रोलर, त्याखाली सापडलेली त्याच्या मेव्हण्याची कवळी, आणि त्या कवळीने रस्त्यावरून जाणाऱ्या पाद्रीबुवांवर मारलेला शेरा. मर्नाला हसून ठसका लागला. बऱ्याच दिवसांत एवढी लांब थाप झाली नव्हती. तिने मनातल्या मोजपट्टीवर बोट ठेवलं आणि दोन्ही बाटल्या त्याच्या कुलुपाच्या डबीत घातल्या.

तरीही अफूचा अंमल तोडणाऱ्या, नाकात मारायच्या फवाऱ्याची पेटी तिने वर ठेवली. "श्वास मंदावला तर हे नाकात मारायचं."

"कुणाच्या?"

"तुझ्या. आणि झोपलेल्या माणसाला स्वतःच्या नाकात काही मारता येत नाही, डेस. कुणाला तरी माहीत असावं लागतं."

"असेल, असेल," म्हणून त्याने पेटी गळांच्या पिशवीत कोंबली.

बोळाच्या टोकाशी पांढरी गाडी उभी होती. आतल्या तरुण बाईने काच खाली करून हात हलवला. रुग्णाची गोष्ट परस्पर सांगायची नाही असा कायदा होता, मी स्वतः सांगतो असं डेसचं वचन होतं, आणि एका बापाचा चांगला चाललेला दिवस होता. मर्नानेही हात हलवला.

पावणेअकराला मिसेस आयव्ही चग डोळ्यांचे थेंब न्यायला आल्या. वय ब्याऐंशी. डेसच्या घराला लागून त्यांचं घर. मधली भिंत फळ्यांची.

"गेला का तो एकदाचा?" त्यांनी विचारलं. "तीन दिवस शांत झोपेन मी."

"डेस? तो काय त्रास देतो तुम्हाला?"

"रात्री नाही गं. दुपारी! इस्पितळातून आल्यापासून रोज. अकरा वाजले की घोरायला सुरुवात, ते दोनपर्यंत. लाकडं कापायची करवत बरी. आणि मधेच एकदम बंद पडतो. एकदम! मी इकडे माझा श्वास धरून बसते, परत कधी सुरू होतोय म्हणून. परवा तर मी भिंतीवर काठी मारली. तेव्हा कुठे खरखरला."

मर्नाने थेंबांची बाटली खाली ठेवून घड्याळ बघितलं.

मेथाडोन पोटात गेलं की तीन-चार तासांनी शिगेला पोचतं. हे तिला पाठ होतं. हे तिने नव्या फार्मासिस्टांना शिकवलं होतं. आठ वाजता खिडकीवर उभा असतो तो माणूस कालच्या मात्रेच्या तळाशी असतो. अकरा वर्षं तिने डेसला त्याच्या सगळ्यात जाग्या घटकेला पाहिलं होतं, आणि त्यावरून त्याला मापलं होतं. त्याची दुपार तिने कधी पाहिलीच नव्हती. आणि या तीन आठवड्यांत जो माणूस तळाशी असतानाच पेलिकनला विसरत होता, तो वर कुठे पोचत असेल?

आजची थाप लांब होती, कारण आज मुलगी येणार होती. एवढंच.

तिने त्याचा फोन लावला. बंद. टेगनचा नंबर कुणाकडेच नव्हता. रुग्णवाहिकेच्या नंबरवरच्या बाईने विचारलं, "रुग्ण बेशुद्ध आहे का?"

"माहीत नाही."

"पत्ता?"

"आर्थर नदीच्या तोंडाशी झोपड्या आहेत. त्यातली एक."

"बाई, तिथे पन्नासेक झोपड्या आहेत," ती बाई सौम्यपणे म्हणाली. जवळच्या स्मिथटनची रुग्णवाहिका एका अपघातावर गेली होती. परतली की निरोप देते म्हणाली.

"दुकान बंद कर," मर्ना कोरलला म्हणाली.

"शनिवारी? अकरा वाजता? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते ऐकून ठेव आणि मला सांग." फवाऱ्यांची आणखी एक पेटी घेऊन ती गाडीत बसली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना औषधांसाठी परवान्याने लावलेल्या, कापणी झालेल्या अफूच्या शेतांची करडी खुंटं होती. कुंपणावर ठरावीक अंतराने त्याच पाट्या: आत येऊ नये, मृत्यू होऊ शकतो. लहानपणापासून या पाट्या पाहिलेल्या मर्नाला त्या आज वाचता आल्या. मारावा गावाच्या पुढे वारा गाडीला ढकलू लागला. नदीच्या दुकानात तिने "ट्रिफिटची पोरगी" एवढंच विचारलं, आणि दुकानदाराने हनुवटीने दिशा दाखवली. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

टेगन पायरीवर बसून मासा साफ करत होती. ओळख पटायला तिला क्षण लागला.

"तुम्ही! औषधाच्या दुकानातल्या ना? काय झालं?"

"डेस कुठे आहे?"

"हळू बोला, झोपलेत डॅड." ती हसली. "रस्त्यातच पेंगायला लागले. एवढं घोरत होते की मी रेडिओ मोठा केला. म्हटलं झोपू दे, सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या छपराखाली झोपलाय माणूस. आत्ता कुठे शांत झालेत. पाच मिनिटं झाली असतील."

मर्नाने तिला बाजूला सारलं.

डेस बाकावर उताणा होता. ओठ जांभळट राखाडी. तिने त्याच्या छातीच्या हाडावर मूठ घासली, काही नाही. मान मागे करून तिने पहिला फवारा नाकात मारला आणि तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला लागली. दोन श्वासांच्या मधल्या फटीत ती टेगनला सांगत गेली. काय घेतो ते. किती वर्षं ते. आज किती वाजता ते. एका मुलीला सहा वर्षांत जे कळायला हवं होतं ते तिने तीन-चार दमांत सांगून टाकलं.

"रक्तदाब म्हणाले होते," टेगन म्हणाली. हातात अजून माशाची सुरी होती.

"शेजारी कुणाकडे घरचा फोन असेल तर पळ. रुग्णवाहिका. ही नेमकी झोपडी सांग."

ती पळाली. मर्नाने दुसरा फवारा मारला. बऱ्याच वेळाने, म्हणजे घड्याळात दोन मिनिटांनी, डेसच्या घशातून गटार मोकळं व्हावं तसा आवाज आला. मग श्वास. मग आणखी एक. मग शिव्या. टेगन परत आली तेव्हा तो घामाने निथळत, कुडकुडत बसला होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मर्नाकडे, मग जमिनीवरच्या रिकाम्या फवाऱ्यांकडे. त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

"किती दिलंस मला?" त्याने विचारलं. आवाज खरवडलेला.

"नव्वद. नेहमीचेच."

"मग?"

उंदरांचं सांगावं तर ते उत्तर नव्हतं, आणि नव्वद हा आकडा तर आता कशाचंच उत्तर राहिला नव्हता. उद्या साठ लागतील, की तीस? गोळ्या संपल्यावर ते भाडेकरू परततील, की दुसरेच येऊन बसतील, आणि ते काय मागतील?

"रुग्णवाहिकेला पन्नास मिनिटं लागतील म्हणाले," टेगन म्हणाली. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, बापापासून हातभर लांब. मग मर्नाला म्हणाली, "सकाळी मी हात केला तेव्हा तुम्हीही हात केलात."

"हो."

"हसून केलात."

मर्नाने घड्याळ काढून बाकावर ठेवलं. "या फवाऱ्याचा जोर फार तर तासभर. औषध दिवसभर अंगात राहतं. ते परत वर येईल. त्याला झोपू द्यायचं नाही, आणि श्वास मोजत राहायचे. मिनिटाला बारा हवेत. दहाच्या खाली आले की मला सांग."

"मी इथेच आहे," डेस म्हणाला. "माझ्याबद्दल बोलताय."

"डॅड, गप्प बसा. नाही, बोलत राहा. काहीही बोला."

डेसने तोंड उघडलं. मग तो म्हणाला, "थंडी वाजतेय."

टेगनने उठून त्याच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं आणि त्याच्या छातीवर तळवा ठेवला. बाहेर नदी समुद्रात शिरताना एकसारखा आवाज करत होती. पंचवीस मिनिटं झाली. डेसची मान हळूहळू एका बाजूला कलली. टेगनने ती सरळ केली, ती पुन्हा कलली.

"अकरा," टेगन म्हणाली.

मर्नाने डेसच्या गळांच्या पिशवीतली पेटी उघडून फवारा हातात घेतला. पुढच्या मिनिटाला टेगनची मोजणी मधेच चुकली. तिने घड्याळ आपल्याकडे ओढून घेतलं, खाली वाकून बापाच्या तोंडाशी कान नेला, आणि पहिल्यापासून मोजायला लागली.